कार्पेट किती, ते आधी सांगा

चैनीच्या प्रवासावर लिहिणाऱ्या मंडळींनी अलीकडे एक सूर धरलाय. हॉटेलची खोली मोठी असायची काही गरज नाही, म्हणतात. खोलीत काय, झोपायला तर यायचं. खरी चैन अनुभवात असते, सेवेत असते, उशीच्या मऊपणात असते. हे वाचलं की एकच प्रश्न विचारावासा वाटतो. तुम्ही स्वतः राहता किती चौरस फुटांत? घरी तीन बेडरूम आणि दोन गॅलऱ्या असल्या की जागेचं महत्त्व नाही म्हणायला काही लागत नाही. ते बदलापूरच्या माणसाला सांगायला जाऊ नका.

बदलापूर हे खोलीच्या आकारासाठी वाढलेलं शहर आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर. चाळीतली दहा बाय बाराची खोली. त्यात आई-वडील, दोन भाऊ, एक बहीण, आणि थोरल्याचं लग्न ठरलेलं. नवं जोडपं झोपणार कुठे, या एका प्रश्नानं कितीतरी कुटुंबं मध्य रेल्वेच्या मार्गानं पुढे पुढे सरकत गेली. आधी डोंबिवली, मग अंबरनाथ, मग बदलापूर. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे तीन तास गाडीत, त्यातही बऱ्याचदा चौथ्या सीटवर, अर्धं अंग बाहेर. हे सगळं कशासाठी? एका जास्तीच्या खोलीसाठी. दार लावून घेता येईल अशा चार भिंतींसाठी. २००१ साली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११च्या जनगणनेत ती १,७४,२२६ भरली, आणि त्यानंतर ती किती फुगली ते संध्याकाळी सातला बदलापूरच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं. एवढ्या माणसांनी वेळ एका पारड्यात टाकला, जागा दुसऱ्या पारड्यात, आणि जागा निवडली. प्रवाशांच्या आवडीनिवडीची कुठलीही पाहणी या कौलापुढे मला किरकोळ वाटते.

आता माझी तक्रार. हाच माणूस फ्लॅट घेताना बिल्डरला पहिला प्रश्न विचारतो, "कार्पेट किती?" दुसरा प्रश्न, "लोडिंग किती धरलंय?" स्वतःची टेप घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्ये जाणारी माणसं बदलापुरात आणि अंबरनाथला भरपूर आहेत, आणि ती बरोबर करतात. हाच माणूस लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एका रात्रीचे नऊ हजार मोजून महागड्या हॉटेलात खोली घेतो तेव्हा मात्र आकार विचारत नाही. फोटो बघतो. फोटो कोपऱ्यातून, रुंद भिंगातून काढलेला. त्याखाली लिहिलेलं असतं डिलक्स. त्याच्या वर सुपर डिलक्स, त्याच्या वर प्रीमियम, त्याच्या वर एक्झिक्युटिव्ह. या पायऱ्यांना कसलंही माप नाही. एका हॉटेलचं प्रीमियम दुसऱ्याच्या डिलक्सपेक्षा लहान असू शकतं, आणि असतंही. फ्लॅटच्या बाबतीत असला कारभार महाराष्ट्रानं २०१७ साली आवरायला घेतला. १ मे २०१७ला महारेरा सुरू झालं, कार्पेट म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात आली. भिंतींच्या आतली, प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही. सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली जिना आणि लिफ्टही गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्यांना चाप बसला. हॉटेलच्या खोलीला अशी व्याख्या लावायला कुणी गेलं नाही. कुणी आपल्या आकड्यात बाथरूम धरतो, कुणी दारातला बोळ धरतो, कुणी बाल्कनीही धरतो. बरेच जण आकडाच देत नाहीत.

मोजमाप मुळीच नाही असं मात्र समजू नका. केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देतं, त्याच्या नियमावलीत खोलीचा किमान आकार लिहिलेला आहे, आणि तो बाथरूम वगळून लिहिलेला आहे. एक आणि दोन तारे, १२० चौरस फूट. तीन तारे, १३०. चार तारे, १४०. पाच तारे आणि पंचतारांकित डिलक्स, २००. बाथरूमचं वेगळं माप आहे: ३० चौरस फुटांपासून सुरू होऊन पाच ताऱ्यांना ४५.

आता हे आकडे आपल्या आकड्यांशेजारी ठेवा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. संडास बाहेर, सामाईक. त्या खोलीत माणसं राहूच कशी शकतात, म्हणून सरकारनं पुनर्विकास आणला आणि १४ ऑगस्ट २०२५ला वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या दिल्या. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घराची मर्यादासुद्धा वाढत वाढत ३०० चौरस फुटांवर आली आहे. आणि चार तारे मिळवायला हॉटेलच्या खोलीला १४० पुरतात. बीडीडीच्या खोलीपेक्षा वीस फूट कमी! हॉटेलात दोन रात्री काढायच्या असतात आणि घरात आयुष्य काढायचं असतं, हा फरक मला मान्य आहे. पण एका रात्रीला पाच आकडी बिल लावणाऱ्यानं किमान मर्यादेला खेटून खोल्या काढाव्यात, आणि त्याला चैन म्हणावं, हे मला मान्य नाही. शिवाय हे तारे घेणं ऐच्छिक आहे. अर्ज करणारा अर्ज करतो. न करणाऱ्याला १२० सुद्धा पाळायचं बंधन या नियमावलीतून येत नाही, आणि बुकिंगच्या ॲपवर दिसणारे तारे हे मंत्रालयाचे तारे असतीलच असंही नाही.

एकशे वीस म्हणजे काय ते एकदा जमिनीवर मांडून बघू. दहा बाय बाराची खोली, म्हणजे तीच आपली चाळीतली. मोठा डबल बेड सहा बाय साडेसहा फूट, त्याचे ३९ चौरस फूट गेले. दोन्ही अंगांनी आणि पायथ्याशी चालायला दोन-दोन फूट सोडले की ८५ झाले. उरले ३५. कपाटाला आठ, टेबलाला आठ. त्यातून उरलेल्या जागेत दोन मोठ्या बॅगा जमिनीवर उघडून ठेवल्या की संपलं. खुर्ची मागे ओढायला जागा नाही. नवरा बॅगेत वाकला की बायकोनं पलंगावर चढून बसायचं. "अहो, आधी तुमचं आटपा, मग मी माझी बॅग काढते." हे वाक्य लहान खोली घेतलेल्या प्रत्येक जोडप्याच्या तोंडी एकदा तरी येतं. दोनशे फुटांत हाच पलंग, हेच कपाट, हेच टेबल टाका. दोन माणसं एकमेकांना वाट न देता वावरतात. दोघांतला एक लवकर उठून चहा घेत बसू शकतो आणि दुसरा झोपू शकतो. सुट्टी यालाच म्हणतात ना?

आणि ज्यांना खरोखर पैशाची फिकीर नाही, ते काय करतात ते बघा. त्यांना जागा लागते. टोकियो हे जगातलं दाटीवाटीचं शहर. तिथे २०१४च्या अखेरीस अमान टोकियो सुरू झालं, त्यात खोल्या फक्त ८४, आणि सगळ्यात लहान खोली ७१ चौरस मीटरची. म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या वर; बदलापुरात एवढ्यात ऐसपैस टू बीएचके होतो. दुबईचं बुर्ज अल अरब तर साध्या खोल्या देतच नाही; तिथला सगळ्यात लहान सूट १७० चौरस मीटरच्या आसपास आहे. या हॉटेलांच्या माहितीत खोलीच्या नावाशेजारी आकडा असतो, कारण त्यांचं गिऱ्हाईक तो बघून पैसे टाकतं. जागेचं काय एवढं, हा उपदेश त्या गिऱ्हाइकाला कुणी करत नाही. तो आपल्यासाठी राखून ठेवलाय.

खोल्या लहान का होतात, याचं उत्तर सोपं आहे. मजल्यावर खोल्यांसाठी सहा हजार चौरस फूट असले तर तीनशेच्या हिशेबानं वीस खोल्या निघतात, चारशेच्या हिशेबानं पंधरा. मालक वीस काढतो. मग पाच खोल्यांचं जास्तीचं भाडं वसूल करून प्रत्येक खोलीतल्या माणसाला आरसे, पिवळे दिवे आणि टॉवेलचा हंस देतो. ही विद्याही जुनी आहे. एल्सवर्थ स्टॅटलर नावाच्या अमेरिकी माणसानं १९०८ साली बफेलो शहरात हॉटेल काढलं, दीड डॉलरात खोली आणि बाथरूम दोन्ही, अशी जाहिरात केली. त्यानं दोन खोल्यांची बाथरूम पाठीला पाठ लावून बसवली, नळाचे सगळे पाइप एकाच उभ्या पोकळीतून नेले. त्या काळी स्वतंत्र बाथरूम ही श्रीमंतांची गोष्ट होती. ती स्टॅटलरनं साध्या प्रवाशाला दिली, आणि त्याबद्दल त्याचं मोठेपण मान्य केलंच पाहिजे. पण तेव्हापासून खोलीचा साचा ठरून गेला. दारातून आत आलात की अरुंद बोळ, एका बाजूला बाथरूम, दुसऱ्या बाजूला कपाट, पुढे बारा फूट रुंदीत पलंग, त्याच्यापुढे खिडकी. शंभर वर्षांहून जास्त झाली, आपण त्याच बोळातून बॅग ओढत आत जातोय.

त्या साच्यात नवीन भर पडली ती काचेच्या बाथरूमची. तिच्याबद्दल जरा थांबून बोलायलाच हवं.

खोली लहान, पण दिसायला मोठी हवी. मग बाथरूमची भिंत काढून काच लावायची. नजर पलीकडच्या टाइल्सपर्यंत जाते, खोली लांबलचक वाटते, फोटो उत्तम येतो. कधी काचेला आतून पडदा असतो, कधी नुसती धुरकट पट्टी. ही खोली कुणाला मनात धरून काढलेली असते? बिनलेकराच्या जोडप्याला. आपल्याकडे प्रवासाला कोण जातं? नवरा, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. एक्स्ट्रा बेड मागवलेला. तो घडीचा पलंग उघडला की बाथरूमच्या दारापर्यंत पोचतो. मग सकाळचा कार्यक्रम असा: "आई, तुम्ही आंघोळ करून घ्या, आम्ही खाली लॉबीत थांबतो." म्हणजे नऊ हजारांची खोली घेऊन तीन माणसं लॉबीत. चाळीत हेच व्हायचं. सुनेला कपडे बदलायचे असले की सासरे गॅलरीत जाऊन उभे राहायचे. त्या लाजेतून, त्या रोजच्या कानकोंडेपणातून सुटायला माणसांनी बदलापूर गाठलं, आणि सुट्टीच्या दिवशी भरमसाट पैसे देऊन ते तिथेच परत जातात. या काचेच्या भिंतीचा मला मनापासून राग आहे. हॉटेलवाल्यांनो, तुमच्याकडे तीन पिढ्या एकत्र येतात. भिंत बांधा. विटेची बांधा.

जागेसाठीची ही ओढ बदलापूरच्या आधी उल्हासनगरनं भोगली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तात्पुरता मुक्कामतळ उभा राहिला, ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसांच्या सोयीचा. बराकी २,१२६. बऱ्याचशा बराकींची रचना अशी की मध्ये मोठा हॉल आणि दोन टोकांना खोल्या. युद्ध संपलं, तळ ओस पडला. १९४७ला फाळणी झाली आणि सिंधमधून माणसं आली, जवळजवळ एक लाख. कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना सोडून. कित्येकांनी मागे वाडे सोडले होते, अंगणं सोडली होती. इथे मिळाला बराकीतल्या हॉलचा एक तुकडा, मध्ये पडदा किंवा पार्टिशन, पलीकडे दुसरं कुटुंब. खोकला ऐकू जायचा, भांडण ऐकू जायचं, रडणं ऐकू जायचं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. कॅम्प मात्र गेला नाही. आजही पत्ता सांगताना माणूस कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच असंच सांगतो. पत्त्यातून तळ गेलेला नाही आणि गर्दीही गेलेली नाही: सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या शहरात २०११ साली ५,०६,०९८ माणसं मोजली गेली.

या शहरानं त्या तुकड्यांतून बाजार उभा केला. कापड, जीन्स, फर्निचर, गजानन मार्केट, जपानी बाजार. आता इथल्या सिंधी कुटुंबांच्या लग्नाला नातेवाईक दुबईहून, हाँगकाँगहून, सिंगापूरहून येतात. त्यांची सोय चांगल्या हॉटेलात करायची असते, आणि त्यात कंजुषी चालत नाही. ही मंडळी पाहुण्यांसाठी हात सैल सोडतात. एकेका लग्नाला तीस-चाळीस खोल्या घेतल्या जातात. एवढ्या खोल्या घेणाऱ्याच्या हातात सौदा असतो. जेवणाच्या ताटाचा भाव पन्नास रुपयांनी कमी करून घेणारे, फुलांच्या कमानीवरून तास तास घासाघीस करणारे वधूपिते खोलीच्या चौरस फुटांवर एक शब्द बोलत नाहीत. त्यांनी बोललं पाहिजे. चाळीस खोल्यांच्या बुकिंगवर बसलेल्या माणसानं विचारलं, तर आकडा कागदावर येईल, आणि एकदा कागदावर आला की पुढच्या एकट्यादुकट्यालाही तो मिळेल.

उलटी वाट चाललेली एक इमारतही मुंबईत आहे. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल, ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचं, एकोणिसाव्या शतकातलं मुंबईचं सगळ्यात थाटाचं. १८९६च्या जुलैत ल्युमिएर बंधूंचा चित्रपट मुंबईत पहिल्यांदा दाखवला गेला तो इथेच. पुढे हॉटेल बंद झालं, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, आणि त्या मोठ्या खोल्यांना पार्टिशनं घालून कचेऱ्या आणि बिऱ्हाडं झाली. मुंबईत जागा अशीच कापली जाते, केकसारखी, शेवटचा तुकडा हातात मावेपर्यंत. इमारत मोडकळीला आली आणि शेवटी रिकामी करावी लागली.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. जमिनीचे चौरस फूट म्हणजेच सगळं का? नाही. त्याचं उत्तर द्यायला अंबरनाथचं शिवमंदिर आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांच्या काळातलं, चित्तराजानं सुरू केलेलं आणि मुम्मुणीच्या काळात पुरं झालेलं, वालधुनीच्या काठावरचं. मंडपात उभं राहा, मग गाभाऱ्याकडे जा. गाभारा खाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जायचं. गाभारा मंडपासारखा प्रशस्त नाही. पण वर बघितलं की शिखराच्या जागी आभाळ दिसतं, आणि त्या उंचीवरून उजेड खाली उतरतो. तिथे कुणाला कोंडल्यासारखं वाटत नाही. उंची आणि उजेड हे जागेचे दोन सख्खे भाऊ आहेत, आणि ते आकड्यात येत नाहीत. नव्या हॉटेलांत एसीचे पाइप लपवायला छत खाली आणतात. खिडकी असते, पण ती उघडत नाही, किंवा समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडते. दहा फूट उंचीची दोनशे फुटांची खोली आणि आठ फूट उंचीची अडीचशे फुटांची, यांत मी पहिली घेईन. बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या फार्महाऊसच्या साध्या खोल्यांत मुंबईची माणसं शनिवार-रविवारी येतात ती याच हिशेबानं. तिथे खोली मोठी नसली तरी पुढे पडवी असते, पडवीपुढे मोकळं. पावसाळ्यात खुर्ची टाकून डोंगर बघत बसता येतं. पडवी हा खोलीचाच भाग आहे, फक्त त्याला छत निम्मं आहे. तेव्हा आकडा मागा, सोबत छताची उंची मागा, आणि खिडकी उघडते का ते विचारा.

लहान खोलीशी माझं वैर नाही. लपवलेल्या लहानपणाशी आहे. मुंबई सेंट्रल स्टेशनवर नोव्हेंबर २०२१मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं, ४८ पॉड. माणूस मावेल एवढी खोकी, आडवं व्हायचं, बॅग लॉकरला. हे कुणी डिलक्स म्हणून विकत नाही. खोकं आहे, खोकं म्हणून विकतात, बारा तासांचे पैसे घेतात, पहाटेच्या गाडीनं उतरलेल्या माणसाची पाठ सरळ होते. हा व्यवहार स्वच्छ आहे. जपानच्या ओसाकात १९७९ साली पहिलं कॅप्सूल हॉटेल निघालं तेही असंच, शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदारासाठी. त्यात फसवणूक नव्हती. अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीन दुरुस्तीला आलेला इंजिनियर, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कामाला आलेला पुरवठादार, उल्हासनगरला जीन्सचा माल उचलायला आलेला व्यापारी, यांना स्टेशनजवळच्या लॉजची स्वच्छ चादर, गरम पाणी आणि शांत रात्र पुरते. त्यांच्यासाठी दोनशे फुटांचा आग्रह कुणी धरत नाही. आग्रह चैनीचे पैसे घेणाऱ्यांकडे आहे.

आणि एक माणूस असा आहे ज्याच्यासाठी आकार ही चैन नव्हेच. चाकाची खुर्ची एका जागी फिरवायला दीड मीटर मोकळी जागा लागते. पाच फूट. दार ९० सेंटीमीटर तरी उघडायला लागतं. वॉकर घेऊन चालणाऱ्या आजोबांना पलंगाशेजारचे दोन फूट पुरत नाहीत. आता आईवडिलांना फिरायला नेणारी पिढी पन्नाशीची आहे, आणि आईवडील ऐंशीचे. पैसे आहेत, हौस आहे, आणि हॉटेलात पोचल्यावर कळतं की आबांची खुर्ची बाथरूमच्या दारात अडकते. फोनवर सांगितलेलं असतं, "सर, रूम स्पेशियस आहे." स्पेशियस म्हणजे किती इंच? रिसेप्शनवरच्या पोरा-पोरींना हे माहीत नसतं आणि त्यात त्यांचा दोष नाही. मालकानं त्यांच्या हातात आकड्यांचा कागदच दिलेला नाही. मोठ्या खोलीकडे चैन म्हणून बघणाऱ्यांनी एकदा वॉकरच्या उंचीवरून तिच्याकडे बघावं.

सरकारही भाड्याकडे बघतं, जागेकडे नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८ टक्के. आठ हजारांची १४० फुटांची खोली आणि आठ हजारांची ३०० फुटांची खोली, दोघींना सारखाच कर. कराचा हिशेब बदला असं मी म्हणत नाही. पण बिलावर कराचा प्रत्येक पैसा दोन ओळींत फोडून दाखवणाऱ्या हॉटेलाला खोलीचं माप एका ओळीत लिहायला कसली अडचण आहे? बाथरूम वगळून, मंत्रालयाची नियमावली मोजते तसं. बाल्कनी असली तर वेगळी. छताची उंची. बाथरूमच्या दाराची रुंदी. चार आकडे, भाड्याच्या पाटीवर आणि ॲपवर.

हे आत्ता बोलायचं कारण आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि डिसेंबरात विमानंही उडायला लागली. वडोदऱ्याहून जेएनपीटीकडे जाणारा द्रुतगती मार्ग बदलापूरजवळून, बोगदा पाडून नेलाय. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रोचा आराखडा आहे. आजवर कल्याणच्या पुढे मोठं हॉटेल काढायला पैसेवाले कचरत होते. आता ते या पट्ट्यात प्लॉट बघायला येतील. हॉटेलची खोली ठरते ती नकाशात, दोन खांबांमधल्या अंतरानं. खांब बारा फुटांवर आले की खोली बारा फुटांची, पुढची पन्नास वर्षं. गालिचा बदलता येतो, पलंग बदलता येतो, नाव तर दर दोन वर्षांनी बदलतात. सिमेंटचा खांब हलत नाही. नगरपालिकेत नकाशे यायला लागतील तेव्हा नगरसेवकांनी, पत्रकारांनी आणि टेप घेऊन सॅम्पल फ्लॅट मोजणाऱ्या आपल्या सगळ्यांनी दोन खांबांतलं अंतर विचारावं.